३०-४० मशीनच्या युनिटला मॅनेजर लागतो का? लागत असेल तर तो नेमकं करतो काय?

शेंगाचटणी (सोमवार, रात्री ९:४०)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं गणवेश शिवणारं एखादं साधारण युनिट धरा. ३० शिलाई मशीन, एक कटिंग टेबल, काजा-बटन वेगळं, इस्त्री-पॅकिंगला चार माणसं. कटिंग मास्तर एक, लाईनवर मुकादम एक. बाकी सगळं मालकाच्या डोक्यात आणि मोबाईलमध्ये. अशा ठिकाणी महिना ३० हजार देऊन प्रॉडक्शन मॅनेजर ठेवावा का?

कारागिरांकडून ऐकू येतं, "शिवतो आम्ही, हा नुसता हात मागे बांधून फिरतो." मालकांकडून ऐकू येतं, "मुकादम आहे की, अजून एक तोंड कशाला पोसायचं?"

"व्यवस्थापन हा उद्योगाचा कणा आहे" छापाची उत्तरं नकोत, ती गॅदरिंगच्या भाषणात ऐकून झाली. मॅनेजर नसला तर काय बुडतं आणि असला तर ते कुठल्या आकड्यात दिसतं, तेवढं लिहा. टॉवेलवाल्यांनीही लिहा. माग आणि मशीन वेगळं असलं तरी दुखणं एकच असावं असा अंदाज आहे.

ओव्हरलॉक (सोमवार, रात्री १०:२५)

शाळेचा साधा हाफ शर्ट घ्या, एक खिसा. सगळ्या कामांचे वेळ मोजून बेरीज १६ मिनिटं आली असं धरू. ३० कारागीर गुणिले ४८० मिनिटं म्हणजे १४,४०० मिनिटं. भागिले १६, म्हणजे ९०० शर्ट. हा कागदावरचा आकडा, तो कुठेच निघत नाही. ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर ४०५ निघतात, ६० टक्के धरली तर ५४०. माणसं तीच, भाडं तेच, फरक रोजच्या १३५ शर्टांचा.

हे १३५ कारागीर हळू शिवतो म्हणून जात नाहीत. बहुतेक वेळा ते एकाच ठिकाणी अडतात. कॉलर जोडायला १.६ मिनिटं लागतात आणि त्यावर एकच माणूस बसवलाय असं समजा. न थांबता केलं तर त्याचे दिवसाला ३०० होतील. बॉबिन बदलणं, धागा तुटणं, पाणी प्यायला उठणं धरून ७५ टक्के म्हणजे २२५. बाकीच्या २९ जणांनी रक्त आटवलं तरी लाईनमधून २२५ च्या वर शर्ट बाहेर पडणार नाही. खांदा जोडलेल्या बॉडींचा ढीग कॉलरवाल्यासमोर वाढत जाणार आणि पुढे बाजूची शिवण मारणारी बाई धागे कापत बसणार. दोघंही मान खाली घालून काम करतायत, त्यामुळे लांबून बघितलं तर युनिट जोरात चाललेलं दिसतं. दुसरा माणूस कॉलरवर बसवला की तिथली मर्यादा ४५० वर जाते आणि मग अडथळा खिशावर नाहीतर काजावर सरकतो. म्हणून एकदा बसवून दिलं आणि झालं, असं हे काम नाही.

वेळ मोजायची पद्धत: त्याच कामाचे सलग १० नग स्टॉपवॉचवर घ्या, बंडल सोडणं-बांधणं धरून. ज्यात धागा तुटला ते नग वगळा. सरासरी काढा आणि कारागीर नेहमीपेक्षा जोरात किंवा हळू शिवत असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा. वर सूट म्हणून १५ टक्के वेळ जादा धरा. सरासरी ८४ सेकंद आली तर हा जादा वेळ धरून साधारण ९७, म्हणजे १.६ मिनिटं. घड्याळ लपवून मोजू नका. लपून मोजलेलं कळतंच, आणि त्यानंतर त्या युनिटमध्ये कुणी खऱ्या वेगाने शिवून दाखवत नाही.

आता मुकादम हे का करू शकत नाही? हुशारी कमी असते म्हणून नाही. बऱ्याच युनिटांत तो स्वतःच अर्धा दिवस मशीनवर असतो. शिवाय त्याला रेट (नगामागची मजुरी) बदलायचा अधिकार नसतो, आणि गाठ बहुतेक वेळा रेटमध्येच असते. कॉलर जोडायला १.६ मिनिटं आणि बाजू मारायला १.१ मिनिटं लागत असतील तर रेटही निदान त्याच प्रमाणात हवेत, वर कॉलरच्या कसबाचे वेगळे. वर्षानुवर्षं अंदाजाने ठरलेल्या रेटमध्ये कॉलरवर बसणारा तोट्यात असतो. मग कॉलरला माणूस मिळत नाही आणि मालक म्हणतो, सोलापुरात कारागीरच उरले नाहीत.

होटगी_रोड (सोमवार, रात्री ११:०५)

गणित बरोबर आहे, पण ते ५,००० एकसारख्या शर्टांच्या ऑर्डरचं गणित आहे. इथल्या युनिटला ६ शाळा, प्रत्येकीचे ३ प्रकारचे कपडे आणि २० ते ४० पर्यंत ११ साइज असतात. ६ × ३ × ११ म्हणजे १९८ वेगवेगळे गठ्ठे. त्यात एखाद्या साइजचे ४० नग. लाईन बसवेपर्यंत गठ्ठा संपतो.

दुसरं, सीझन. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, ऑर्डरी जानेवारी-फेब्रुवारीपासून येतात, मे महिन्यात झोप नसते. ऑगस्टनंतर तोच मॅनेजर कशासाठी पोसायचा? ३० हजारांप्रमाणे वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात.

आणि तिसरं, मोठ्या एक्स्पोर्ट कारखान्यातून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात १२ तक्ते छापतो. ते भरायला एक पोरगा ठेवावा लागतो. मॅनेजर आला की त्याला असिस्टंट लागतो, हे लिहून घ्या.

ओव्हरलॉक (सोमवार, रात्री ११:३०)

तिसऱ्या मुद्द्याला बिनशर्त +१.

पहिल्या मुद्द्याचं मात्र उलटं आहे. साइज बदलला म्हणून काम बदलत नाही, २४ नंबरची कॉलर आणि ३६ नंबरची कॉलर जोडायची रीत एकच. लाईन थांबते ती धाग्याच्या रंगासाठी. ३० मशीनचा रंग बदलायला मशीनमागे ५ मिनिटं धरली तर १५० मिनिटं, म्हणजे ९ शर्टांचा वेळ. दिवसात सहा वेळा शाळा बदलली की ९०० मिनिटं, ५६ शर्ट. पाच धाग्यांच्या ओव्हरलॉक मशीनला तर वेळ जास्तच लागतो. १९८ गठ्ठे शाळेप्रमाणे न लावता रंग आणि घडणीप्रमाणे लावले, आधी पांढरे, मग फिके, मग गडद, तर रंगबदल दिवसाला दोनवर येतात. प्रकार जितके जास्त, तितकं हे आदल्या संध्याकाळी बसून ठरवणारं कुणीतरी हवं. पगार कशाचा, तर या अर्ध्या तासाचा.

सीझनच्या मुद्द्यावर माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रेट कार्ड, पॅटर्न, मशीनची दुरुस्ती, नवीन मुलींचं शिकवणं ही कामं निघतात. पण ती वर्षभराच्या पगाराला पुरतील का, हे युनिटच्या आकारावर आहे.

धोटा_कांडी (मंगळवार, सकाळी ७:५०)

टॉवेलच्या मागांचं लिहितो.

साधा शटलचा माग, मिनिटाला १२० फेरे. ८ तासांत ५७,६०० धोटे (आडव्या धाग्याचे फेरे) पडायला हवेत. इंचाला ४० धोटे धरले तर १,४४० इंच, म्हणजे ६० इंची २४ टॉवेल (पन्ह्यात एकच टॉवेल धरून). ७० टक्क्यांनी साधारण १७ निघतात, ८० टक्क्यांनी १९. मागामागे दोन-अडीच टॉवेल किरकोळ वाटतात, पण २४ मागांवर पाळीला ५७ होतात.

माग का उभा राहतो हे कळायला यंत्र लागत नाही. दर तासाला एकाने पूर्ण शेडला फेरी मारायची आणि उभे माग कारणासकट पाटीवर लिहायचे. २४ माग, ८ फेऱ्या म्हणजे १९२ नोंदी. उदाहरणादाखल, त्यातले ५८ उभे सापडले. ताणा (उभा धागा) तुटलेला १७, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट बघणारे १६, बीम (ताण्याचा रूळ) बदल किंवा बीमच नाही १०, कांडी-बाणा (आडवा धागा) ९, विणकर जागेवर नाही ६. आता बघा, मालक शिव्या घालतो शेवटच्या सहांना. खरा खोळंबा जॉबर आणि बीममध्ये आहे, २६ नोंदी, आणि त्यात विणकराचा काडीचा संबंध नाही. बीम कधी संपणार हे आदल्या दिवशी मोजता येतं. उरलेली लांबी आणि रोजचा खप हे दोन आकडे वहीत असले की सायझिंगवाल्याला (ताण्याला खळ लावून बीम देणाऱ्याला) वेळेत फोन जातो. वही नसली की माग उभा राहिल्यावर फोन जातो.

"पीसवर मजुरी आहे, माग बंद राहिला तर त्याचं नुकसान, माझं काय" असं मानणारे मालक अजून आहेत. शेडचं भाडं, विजेचा स्थिर आकार, कर्जाचं व्याज आणि सुतात अडकलेला पैसा माग उभा असतानाही चालूच असतो.

टॉवेलमध्ये आणखी एक गळती आहे, वजनाची. ३० × ६० इंची टॉवेल चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा ठरला तर नगाचं वजन साधारण ५२२ ग्रॅम. फुलांच्या (टॉवेलवरच्या लूपच्या) बीमचा ताण सैल पडला, लूप उंच झाला, वजन ४ टक्क्यांनी वाढलं, तर नगामागे २१ ग्रॅम सूत फुकट गेलं. ५,००० टॉवेलांत १०५ किलो. सुताचा भाव किलोला २५० धरला तर २६ हजारांच्या वर. सौदा नगावर असेल तर हे सगळं मालकाच्या खिशातून. उलट लूप बुटका पडला तर वजन कमी म्हणून माल परत. उपाय म्हणजे पाळीला प्रत्येक मागाचे ५ टॉवेल काट्यावर ठेवून वजन पाटीवर लिहायचं. त्या ५ टॉवेलांना दोन मिनिटं लागतात, पण ते कुणाचं काम हे ठरलेलं नसेल तर कुणीच करत नाही.

अवांतर: एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की सुती ताणा कटाकट तुटतो. विणाईच्या शेडला ७५-८० टक्के दमटपणा लागतो. जमिनीवर पाणी मारून तास-दीड तास निभतं, तेवढंच. नाजूक बीम रात्रपाळीला आणि दुहेरी सुताचा भक्कम ताणा दुपारी, एवढी मांडणी केली तरी तुटणं कमी होतं.

बाळीवेस (मंगळवार, दुपारी १:१५)

सगळे मालकाच्या खिशाचं लिहिताय. कामगाराच्या बाजूनेही मॅनेजरची किंमत मोजता येते.

पीसवर काम करणाऱ्याला मॅनेजर नको असतो, कारण त्याला भेटलेला मॅनेजर फक्त खाडे मोजतो आणि आवाज चढवतो. पण त्याच कामगाराला विचारा, दिवसातला किती वेळ मालाची वाट बघण्यात गेला? बंडल नाही, बटन आलं नाही, सुई संपली, जॉबर पलीकडच्या शेडमध्ये. प्रत्येक मिनिटाची मजुरी त्याच्या खिशातून जाते. पीसरेटमध्ये मालकाच्या ढिलाईचा पहिला दंड कामगार भरतो, हे ऑफिसात बसून दिसत नाही.

मॅनेजर कामाचा आहे का, हे बघायला माझ्या चार कसोट्या. रेट लेखी लावलेले आहेत का, नवीन डिझाइन आलं की काम सुरू व्हायच्या आधी रेट कळतो का. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत होतो का. जादा वेळेचा दर दुप्पट लागतो का, की "सीझन आहे, सांभाळून घ्या" म्हणून नेहमीच्याच दराने. आणि उचल दिली तर तिची कपात आणि बाकी कामगाराच्या हातातल्या वहीत लिहिली जाते का. उचलीचा हिशेब एकट्या मुकादमाच्या वहीत असेल तर तिथे व्यवस्थापन नाही, सावकारी आहे.

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) पण त्याच्याच टेबलावर. २० माणसांना पीएफ लागू होतो, १० माणसांना ईएसआय. ईएसआयचा हिस्सा कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के, महिना २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. नोंदणी न करता काही हजार वाचवायचे आणि सुई बोटातून आरपार गेली की खाजगी दवाखान्याचं बिल भरायचं, वर काही वर्षांनी मागची थकबाकी दंड-व्याजासकट, हे कसलं शहाणपण?

होटगी_रोड (मंगळवार, दुपारी २:००)

बाळीवेस, नोंदणी केली की कामगारच म्हणतो कापू नका, हातात द्या. हेही लिहा.

बाळीवेस (मंगळवार, दुपारी २:२०)

म्हणतो, खरं आहे. कारण ०.७५ टक्क्याच्या बदल्यात काय मिळतं हे त्याला कुणी समजावलेलं नसतं. १२ हजारांवर ते ९० रुपये होतात, आणि त्यात घरच्यांचे उपचारही आले. समजावणं कुणाचं काम, हाच तर धाग्याचा विषय आहे ना?

जुनी_मिल_चिमणी (मंगळवार, रात्री ८:४५)

सोलापुरात बसून हा प्रश्न विचारायचा आणि जुन्या मिलचं नाव काढायचं नाही हे बरं नव्हे. थोडं लांबेल.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ ची आपली जुनी मिल. त्या काळी कंपनी भागधारकांची, पण चालवणार मॅनेजिंग एजंट, कराराने नेमलेली पेढी. सुरुवातीला अनेक गिरण्यांत या एजंटांचं कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर किंवा विक्रीवर असे. म्हणजे गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाचं मीटर पळतंय. १९३६ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने नव्या नेमणुकांचा मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला. पुढे एप्रिल १९७० पासून ही पद्धतच बंद झाली. शेंगाचटणी, मॅनेजरला इन्सेन्टिव्ह कशावर द्यायचा हे ठरवताना हा इतिहास डोळ्यासमोर ठेवा. नुसत्या नगांवर दिलात तर नग मिळतील, आणि त्यातले किती परत येतात ते जूनमध्ये कळेल.

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. कारण दिलं ते गैरव्यवस्थापन आणि हेळसांड, त्यामुळे अत्यावश्यक मालाच्या उत्पादनाला बसलेला फटका आणि बेकार झालेले कामगार. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले. नंतर त्याचा कायदा झाला. एका भागधारकाने आव्हान दिलं, तेव्हा डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. घटना शिकणाऱ्या मुलांना हा खटला चिरंजीतलाल चौधरी या नावाने माहीत असतो, त्यातली मिल सोलापूरची हे फार जणांना ठाऊक नसतं.

दुसरा खटला द्वारकादास श्रीनिवास यांचा. नव्या संचालकांनी अर्धवट भरलेल्या प्रेफरन्स शेअरवर, शेअरमागे उरलेले ५० रुपये मागितले, त्यावरून हा उभा राहिला. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने निकाल सरकारच्या विरुद्ध दिला. युक्तिवादाचा गाभा असा, की कारखाना चालवायचा, त्यावर ताबा ठेवायचा अधिकार काढून घेतला की मालकीत फारसं काही उरतच नाही, मग ते मालमत्ता घेण्यासारखंच झालं आणि त्याची भरपाई हवी. यंत्रं, इमारत, चिमणी सगळं जागच्या जागी होतं. गेलं होतं ते फक्त व्यवस्थापन. "मॅनेजर काय करतो" म्हणणाऱ्यांना एवढं दाखवा.

होटगी_रोड (मंगळवार, रात्री ९:१०)

माहिती भारी, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो की. चालवणं म्हणजेच मालकी असेल तर ३० मशीनच्या मालकाने ती पगारी माणसाच्या हातात का द्यावी?

जुनी_मिल_चिमणी (मंगळवार, रात्री ९:२५)

द्यायची नाहीच सगळी. गिऱ्हाईक, उधारी, कापडखरेदी आणि बँक मालकाकडेच राहू द्या. पण मालक मुंबईत शाळेच्या ट्रस्टींसमोर सॅम्पल घेऊन बसलेला असताना कॉलरवर कुणाला बसवायचं हे विचारायला इकडून पाच फोन जात असतील, तर तो दोन्हीकडे नाही.

शाळेची_घंटा (बुधवार, सकाळी १०:३०)

कटिंग कुणीच काढलं नाही, आणि गणवेशात खर्चाचा सगळ्यात मोठा भाग कापडाचाच असतो. लाईन सुधारून जेवढं मिळतं त्याच्या बरोबरीचं टेबलावर सांडलेलं असतं.

टोकं: प्रत्येक थराला दोन्ही टोकांना मिळून ४ सेंटिमीटर कापड वाया जातं असं धरा. थर ३ मीटरचा असेल तर ते १.३३ टक्के, ६ मीटरचा केला तर ०.६७. सीझनला १०,००० मीटर कापड लागत असेल तर एवढ्यानेच ६६ मीटर वाचतं. त्यासाठी टेबल लांब हवं आणि दोन-तीन साइज एका मार्करमध्ये (कापडावरच्या एका आखणीत) बसवायला हवेत. लहान साइजच्या बाह्या मोठ्या साइजच्या फटीत बसतात. एका वेळी एकच साइज कापणाऱ्या मास्तराला हा फायदा मिळत नाही, आणि तो एकेकच कापतो, कारण ऑर्डर त्याच्याकडे एकेक साइजची चिठ्ठी म्हणून येते. चूक चिठ्ठीची.

शेड (रंगाची छटा): गणवेशातलं सगळ्यात महाग दुखणं. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी राहिली की दोन पँटमधला निळ्याचा फरक २० फुटांवरून दिसतो, आणि तो मुख्याध्यापकांना दिसला की अख्खी ऑर्डर लोंबकळते. थान आलं की प्रत्येक थानाचा वीतभर तुकडा कापून शेजारीशेजारी ठेवायचा, ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उजेडात. एकसारखे गट पाडायचे, एका शाळेला शक्यतो एकच गट. कापल्यावर प्रत्येक थराला नंबरचं स्टिकर, म्हणजे पुढचा भाग, पाठ आणि बाही एकाच थराची जुळते. नंबरिंगला एक मुलगी दिवसभर लागते म्हणून ते टाळलं जातं, आणि मग शर्टाची एक बाही दुधी आणि एक पांढरी.

फ्यूजिंग (कॉलरच्या आतलं कडक अस्तर उष्णतेने चिकटवणं): कॉलरचं कॅनव्हास कापडाप्रमाणे साधारण १४० ते १६० अंश, १२ ते १८ सेकंद. इस्त्रीने उरकलं तर दाब सारखा पडत नाही आणि दोन-तीन धुण्यांत कॉलरला फोड येतात. तोवर माल शाळेत पोचलेला असतो. रोज सकाळी एक तुकडा चिकटवून थंड झाल्यावर हाताने सोलून बघायचा. सहज सुटला तर मशीन चालू करायचं नाही.

लेबल: ३२ च्या शर्टाला ३४ चं लेबल लागलं की पालक दुकानात, दुकानदार युनिटवर. बंडलाबरोबर त्या साइजची तेवढीच लेबलं मोजून द्या. शेवटी एखादं उरलं किंवा कमी पडलं की तिथल्या तिथे कळतं.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्या कंटाळवाण्या आहेत आणि मे महिन्याच्या गडबडीत सगळ्यात आधी याच सुटतात.

शेंगाचटणी (बुधवार, रात्री ९:३०)

मोठं काम केलंत सगळ्यांनी. दोन प्रश्न. ठेवलाच माणूस, तर पहिल्या महिन्यात त्याने काय करावं आणि काय करू नये? आणि त्याचा पगार सुटतो की नाही हे कसं बघायचं?

ओव्हरलॉक (बुधवार, रात्री १०:१५)

पहिला आठवडा: काहीच बदलायचं नाही. हजेरी, निघालेले नग, दुरुस्तीला परत गेलेले नग, पाठवायची तारीख आणि खरी गेलेली तारीख, एवढंच लिहायचं. आधीचे आकडे नसले तर नंतर सुधारलं की बिघडलं यावर नुसती भांडणं होतात.

दुसरा आठवडा: सगळ्या कामांचे वेळ मोजायचे, कारागिरांसमोर. कोण कुठली तीन कामं करू शकते याचा तक्ता भिंतीवर. हा तक्ता सोलापुरात फार उपयोगी, कारण खाडे ठरलेले असतात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, एप्रिल-मेमध्ये लग्नं. त्या दिवशी चार जणी येणार नाहीत हे कॅलेंडरवर आधीच छापलेलं असतं, तरी सकाळी साडेआठला सगळे चकित.

तिसरा: बंडल लहान करायचं. ५० नगांचं असेल तर २० चं. ५० चं बंडल पूर्ण होईपर्यंत पुढची बसून राहते, आणि टाका चुकला असेल तर ५० नग चुकल्यावर कळतं. यावर कटकट होईल, कारण गाठी जास्त सोडाव्या लागतात. तो वेळ रेटमध्ये धरा, नाहीतर चार दिवसांत परत ५० वर जातील.

चौथा: तासाची पाटी. लक्ष्य, निघालेले, कमी का. तिसऱ्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, कारण लिहायचं.

करू नये असं एकच: पहिल्या महिन्यात रेट कमी करणं. वेळ मोजून लगेच रेट कापले की पुढची पाच वर्षं कुणी खरा वेग दाखवणार नाही.

पगाराचं: ३० हजार भागिले २६ दिवस, रोजचे साधारण १,१५०. शर्टामागे कच्चा माल आणि मजुरी वजा जाता २० रुपये उरत असतील तर रोज ५८ शर्ट वाढले की पगार सुटला. वर मी १३५ चा फरक दाखवला आहे, त्याच्या निम्म्यापेक्षा हे कमी. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा वाढीव शर्टाला गिऱ्हाईक आहे. ऑर्डरच ४०० ची असेल तर मॅनेजर ठेवून ५४० करायची गरज नाही. तिथे होटगी_रोड बरोबर आहेत.

होटगी_रोड (बुधवार, रात्री १०:४०)

अखेर! मग मधला मार्ग सांगतो. २० मशीनच्या खाली मालकाने स्वतः पाटी लावावी, मॅनेजर नको. ३० च्या आसपास असेल तर लाईनमधल्याच एका जाणत्या बाईला मशीनवरून उठवा, सरासरी पीसकमाईच्या वर दोन-तीन हजार जास्त असा ठरीव पगार द्या आणि वेळ मोजायला शिकवा. बाहेरून आणलेल्या डिप्लोमावाल्यापेक्षा तिला कॉलर का अडते हे जास्त कळतं. ५० च्या वर आणि दोन पाळ्या असतील तर मग पूर्ण वेळचा माणूस.

बाळीवेस (बुधवार, रात्री १०:५५)

बाईला उठवायचं यावर सहमत. फक्त रेट ठरवायचा अधिकार पण तिला द्या. नाहीतर मुकादमाचं नाव बदललं, एवढंच होईल.

धोटा_कांडी (गुरुवार, सकाळी ८:०५)

पाटीबद्दल एक राहिलं. शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारे सगळेच असतात, आणि काहींना वाचता येत नाही. कारणं शब्दांत लिहू नका. ताण्याला उभी रेघ, बाण्याला आडवी, जॉबरला पाना, बीमला गोल, विणकर नसेल तर फुली. खडूने काढता येतात आणि विणकर स्वतःच येऊन आपल्या मागापुढे पाना काढून जातो. त्याला जॉबरच्या मागे पळावं लागत नाही, आणि जॉबरला कुठे आधी जायचं ते पाटीवरच दिसतं.